अँटीव्हायरसने काढलेला मालवेअर रीस्टार्टनंतर परत येतो : फॉरमॅट मारू की रॅम वाढवू?

आज तरी दोन्ही नको.

तुम्ही लिहिलंय की पीसी फार स्लो झालाय, ब्राउझर आपोआप जाहिरातींची पानं उघडतो, आणि अँटीव्हायरस रोज तोच मालवेअर पकडून ‘काढून टाकला’ म्हणतो, पण रीस्टार्ट केलं की तो पुन्हा हजर. अशा प्रश्नाला ‘फॉरमॅट मारा’ हे उत्तर ठरलेलं असतं आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. अँटीव्हायरस जी फाइल उडवतो ती हराळीची वरची पात असते. मुळी दुसरीकडे असते आणि ती दर वेळी नवी फाइल उतरवून घेते. ही मुळी कधी कधी पीसीमध्ये नसतेच, ब्राउझरच्या खात्यात असते. अशा वेळी फॉरमॅटनंतर तुम्ही खात्यात लॉगिन केलं की सिंक (खात्यातल्या ब्राउझरच्या सेटिंग्ज प्रत्येक पीसीवर आणणारी सोय) तेच एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) नव्या विंडोजवर आणून बसवतं.

सगळ्यात आधी डिफेंडरचे, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या अँटीव्हायरसचे, अपवाद बघा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्सक्लुजन्स. घरच्या पीसीवर ही यादी बहुधा रिकामी असते. मालवेअर एकदा ॲडमिनच्या अधिकाराने चालला की तो इथे स्वतःचं फोल्डर, कधी कधी आख्खा सी ड्राइव्ह नोंदवतो. मग स्कॅन कितीही वेळा करा, त्या फोल्डरकडे डिफेंडर बघतच नाही. तुम्ही स्वतः न घातलेली प्रत्येक नोंद काढा, टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्ज इतर प्रोग्रॅमना बदलू न देणारी सोय) चालू करा, अपडेट घ्या आणि मगच स्कॅन लावा.

स्कॅन ऑफलाइनच लावा. स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन आहे. त्यात पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधी तपासणी होते. साधारण 15 मिनिटं लागतात, जुन्या हार्ड डिस्कवर जास्त. विंडोज चालू असताना मालवेअरही चालू असतो, स्वतःची फाइल धरून बसतो, त्यामुळे ती पुसली जात नाही. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, मध्येच विचारली जाऊ शकते.

आता मुळी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेक जण हेच टाळतात. ऑटोरन्स हे पीसीसोबत आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं फुकट टूल आहे, सिसइंटरनल्स संचातलं. मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये सिसइंटरनल्स विकत घेतलं आणि ही टूल्स आजही अपडेट होतात. डाउनलोड फक्त मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून करा. ॲडमिन म्हणून उघडा, ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, आणि स्कॅन ऑप्शन्समध्ये सह्या (फाइल कोणाची आहे हे सांगणारी डिजिटल खूण) तपासणं व व्हायरसटोटल (फाइल अनेक अँटीव्हायरसकडून पडताळणारी सेवा) हे दोन्ही चालू करा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. गुलाबी म्हणजे सही नाही किंवा जुळत नाही. गुलाबी दिसली की लगेच डिलीट करू नका. कितीतरी छोट्या, प्रामाणिक प्रोग्रॅमना सही नसते. डावीकडची टिक काढली की नोंद बंद पडते, आणि चूक झाली तर परत टिक करता येते.

टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब पाहून ‘इथे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांना तो टॅब टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा भाग, दाखवत नाही हे माहीत नसतं. हट्टी मालवेअर बहुतेक वेळा शेड्युलरमध्येच सापडतो. शेड्युलर उघडा, व्ह्यू मेनूतून लपवलेली टास्क दाखवायला सांगा आणि लायब्ररीतली प्रत्येक टास्क बघा. नावावर जाऊ नका, नाव अपडेटसारखंच असतं. ट्रिगर आणि ॲक्शन हे दोन टॅब वाचा. लॉगिन झाल्यावर आणि पुढे दर काही मिनिटांनी चालणारी टास्क, तिची फाइल ॲपडेटा, प्रोग्रॅमडेटा किंवा टेम्पमधल्या निरर्थक अक्षरांच्या फोल्डरात, किंवा ॲक्शनमध्ये पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन) आणि त्यापुढे न वाचता येणारी लांबलचक ओळ: हाच तो. पॉवरशेल मायक्रोसॉफ्टचंच असल्यामुळे त्याची सही स्वच्छ येते. डाव त्यापुढच्या ओळीत असतो, म्हणून ओळ शेवटपर्यंत वाचायची. टास्क काढण्याआधी राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा, चुकून चांगली गेली तर परत आणता येईल.

क्रम चुकला की सगळं वाया जातं. आधी वायफाय बंद, नाहीतर तुम्ही एक फाइल काढेपर्यंत दुसरी उतरलेली असते. नंतर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये (हेही सिसइंटरनल्सचंच टूल) संशयित प्रोसेस आधी थांबवायच्या. लगेच किल करू नका, सस्पेंड करा. पुष्कळदा दोन प्रोसेस एकमेकींवर पहारा देतात, एक मेली की दुसरी तिला पुन्हा उठवते. दोघी गोठल्या की मग किल. त्यानंतर टास्क, सर्व्हिस आणि रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) रन नोंद, आणि फाइल सगळ्यात शेवटी. हे पूर्ण होईपर्यंत रीस्टार्ट नाही. फाइल पुसलीच जात नसेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि 4 दाबून सेफ मोड. तिथे कधी पिन चालत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आठवत असल्याची खात्री आधीच करा.

ब्राउझरचं काम वेगळं आहे. कोपऱ्यात येणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा मालवेअर नसतातच. कुठल्यातरी साइटला तुम्ही ‘अलाउ’ दाबलेलं असतं. साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी साइट उडवा. एक्स्टेन्शनचं रिमूव्ह बटणच चालत नसेल आणि क्रोममध्ये ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं दिसत असेल, तर मालवेअरने पॉलिसी (ब्राउझरवर सक्तीने लादलेली सेटिंग) लावलेली असू शकते. रजिस्ट्रीत लोकल मशीन आणि करंट युझर या दोन्हींखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असा रस्ता आहे. आधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा, मग काढा. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र याला हात लावू नका, तिथे पॉलिसी खरंच ऑफिसची असते. यानंतर सिंक बंद करा, खात्यात साठलेला सिंक डेटा पुसा (बुकमार्क आधी एक्स्पोर्ट करा), ब्राउझर रीसेट करा आणि मगच सिंक पुन्हा चालू करा. डेस्कटॉपवरच्या ब्राउझर शॉर्टकटची प्रॉपर्टीजही उघडा. टार्गेटच्या शेवटी एखादा वेब पत्ता चिकटवलेला असेल तर तो पुसा. प्रॉक्सी, होस्ट्स फाइल आणि राउटरमधला डीएनएस (ब्राउझर कुठल्या वाटेने कुठे जातो हे यांवर ठरतं) एकदा नजरेखालून घाला.

‘एक पुरत नाही, दोन अँटीव्हायरस ठेवा’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. साफ चूक आहे. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला जातात, एकमेकांच्या क्वारंटाइनवर (पकडलेल्या फाइलींच्या कोंडवाड्यावर) ओरडतात आणि पीसी आणखी बसतो. सतत चालणारा एकच ठेवा. दुसरं मत हवं असेल तर एकदाच चालवायचा स्कॅनर वापरा, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर. तो डाउनलोडनंतर 10 दिवसांनी बाद होतो, म्हणून दर वेळी ताजा घ्यावा. रजिस्ट्री क्लीनर आणि ‘पीसी बूस्टर’ यांचा काडीचाही उपयोग नाही.

रॅमचा प्रश्न साफसफाईनंतरचा. टास्क मॅनेजर उघडताच पंख्याचा आवाज उतरत असेल तर लपलेला मायनर, म्हणजे तुमच्या पीसीवर गुपचूप क्रिप्टो चलन कमावणारा मालवेअर, असू शकतो. काही मायनर टास्क मॅनेजर दिसला की स्वतःच थांबतात. पीसी स्वच्छ झाल्यावरही डिस्क तासन्‌तास 100 टक्क्यांवर असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर पैसे एसएसडीवर घाला, फरक सगळ्यात जास्त तिथेच पडतो. रॅम 4 जीबी असेल तर 8 करा. त्याआधी डिस्कचे स्मार्ट आकडे (डिस्कने स्वतःच ठेवलेली तिच्या तब्येतीची नोंद) बघा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर डिस्क मरायला टेकली आहे. अशा डिस्कवर स्कॅन नंतर, बॅकअप आधी.

हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: काहीही करण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा.

आणि फॉरमॅटला माझा सरसकट विरोध नाही. पासवर्ड चोरणारा किंवा दुरून पीसी चालवणारा मालवेअर सापडला, किंवा याच पीसीवर बँकेचे व्यवहार होत असतील आणि शंका फिटत नसेल, तर फॉरमॅटच करा, पण नीट. ‘माझ्या फाइल्स ठेवा’वालं रीसेट नको. दुसऱ्या, स्वच्छ पीसीवर मीडिया क्रिएशन टूलने किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्या आणि इन्स्टॉल करताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स उडवा. बॅकअपमधून फोटो आणि कागदपत्रंच परत आणा, सेटअप फाइल एकही नाही. ज्या क्रॅकने (विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणाऱ्या फाइलने) ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ असं सांगितलं होतं, तो तर मुळीच नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा एवढी मेहनत घेणारच असाल आणि पीसी पात्र असेल तर 11 टाका.

पासवर्ड पीसी साफ झाल्यावर बदला, किंवा आजच बदलायचे तर मोबाइलवरून. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोरलेल्या कुकीजवर (ब्राउझरने साठवलेल्या लॉगिनच्या खुणांवर) लॉगिन चालूच राहू शकतं, म्हणून ईमेलपासून सुरुवात करून प्रत्येक खात्यात ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ दाबा.