नवऱ्याची भानगड कळल्यावर सपोर्ट ग्रुपला जावं का?

अगं, तू लिहिलंयस की नवऱ्याचं ऑफिसमधल्या बाईशी दोन वर्षं चालू होतं हे त्याच्या मोबाईलमुळे कळलं, फक्त बहिणीला माहितीय, आणि आता काउन्सेलर ग्रुप जॉईन कर म्हणतेय पण चार अनोळखी बायकांसमोर घरातलं कसं बोलायचं. मी अशा ग्रुपमध्ये बरीच वर्षं आहे, आधी स्वतःसाठी जायचे, आता नवीन येणाऱ्यांसाठी पण जाते. माझं म्हणणं, जा. फक्त त्याला सोडू की राहू याचं उत्तर मिळेल म्हणून जाऊ नकोस, ते कुठलाच चांगला ग्रुप देत नाही आणि देऊही नये.

बहीण आहेच की, मग ग्रुप कशाला, असं तुला वाटत असेल. बहीण जीव लावते म्हणूनच तिची बाजू ठरलेली असते गं. उद्या तू त्याच्याबरोबर राहायचं ठरवलंस तर तू कदाचित त्याला माफ करशील, ती करणार नाही, आणि मग प्रत्येक राखीपौर्णिमेला भाऊबीजेला तुलाच ताण. आईला सांगावं तर ती म्हणणार पदरात पोरं आहेत, झाकली मूठ सव्वा लाखाची. ग्रुपमधल्या बायकांचं तुझ्या संसारात काहीच अडकलेलं नसतं. तू राहिलीस तरी त्या पुढच्या आठवड्यात तशाच ऐकतात, निघालीस तरी तशाच.

सुरुवातीला तू फक्त त्याच्याबद्दल बोलशील. तो कुठे गेला, लास्ट सीन किती वाजताचं, ती बाई दिसते कशी. सगळ्याच बोलतात, बोलू दे. मग हळूहळू झोपेबद्दल बोलायला लागतेस, जेवण जात नाही त्याबद्दल, बँकेत स्वतःच्या नावावर काय आहे त्याबद्दल. आमच्यात एखादी बाई आपल्या पूर्ण वेळात नवऱ्याचं नाव न घेता बोलली की जुन्या मेंबर एकमेकींकडे बघतात, कारण तेव्हा आम्हाला कळतं की ही आता सावरतेय. तिला स्वतःला ते बऱ्याचदा कळलेलंही नसतं.

आणि 'मला दोन वर्षं कळलं कसं नाही, मी इतकी मूर्ख' हे जे तू लिहिलंयस ना, त्यावर थोडं थांबते. जेनिफर फ्रेड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या दशकात यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की ज्या माणसावर आपण अवलंबून असतो त्याने दगा दिला तर मन ते दिसूनही न दिसल्यासारखं करू शकतं, कारण दिसलं तर घर, पैसा, मुलं सगळंच हलतं. हे वाचून पटतं पण आत उतरत नाही. समोर बसलेली एखादी बँक मॅनेजर, रोज दुसऱ्यांचे घोटाळे पकडणारी, ती जेव्हा म्हणते की मलाही चार वर्षं दिसलं नाही तेव्हा उतरतं. मला ग्रुपचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं.

अनुभवातून मिळणारी माहितीही खूप कामाची असते. उदाहरणार्थ नवरे सहसा सगळं एकदम सांगत नाहीत, आधी फक्त मेसेज होते म्हणतात, मग एकदा भेटलो, मग लोणावळा. प्रत्येक नवीन तुकड्याला बाई परत पहिल्या दिवसावर जाते. म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणी सांगतात की रात्री दोन वाजता उलटतपासणी करू नकोस, प्रश्न कागदावर लिही आणि काउन्सेलरसमोर एकदाच विचार. आणि कोणी बोललं नसेल तर मी बोलते, एचआयव्ही आणि बाकीच्या गुप्तरोगांच्या टेस्ट करून घे. एचआयव्हीची सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, नाव गुप्त ठेवतात, फक्त शेवटच्या संबंधानंतर तीन महिने झाले की परत एकदा करायची.

आता ग्रुप निवडताना. पहिल्याच दिवशी नियम सांगतात का बघ. इथलं इथेच राहणार, एक बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, मागितल्याशिवाय सल्ला नाही, स्क्रीनशॉट फिरवायचे नाहीत. लॉजच्या खोलीतले तपशील कोणी खोदून विचारत असेल तर ऊठ तिथून, त्याने बाकीच्यांच्या डोक्यातही नको ती चित्रं बसतात. जिथे सगळ्या मिळून 'सोड त्याला' चा गजर करतात तिथेही नको, आणि 'पुरुषाची जातच ती, सहन कर' वाल्यांकडे तर अजिबात नको. कोणीतरी आत टाक त्याला असंही सांगेल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही बायकोला त्याखाली नवऱ्यावर केस करता येत नव्हती. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाला मात्र व्यभिचाराचं कारण आजही चालतं, पण ते वकिलाला विचार, ग्रुपला नाही.

तुझ्या गावात असा ग्रुप नसेल तर काउन्सेलरलाच ऑनलाइनचं विचार, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलंस तरी चालतं. नवऱ्याचं दारूचंही असेल (तू ओझरतं लिहिलंयस म्हणून विचारते) तर अल-अनॉनच्या मीटिंग बघ, १९५१ पासून दारुड्यांच्या घरच्यांसाठीच चालतात.

दोन गोष्टींना मात्र ग्रुपची वाट बघायची नाही. त्याने हात उचलला तर १८१, बायकांची हेल्पलाइन. आणि जगायला नको असं वाटायला लागलं तर १४४१६, टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत बोलता येतं.

आणि तो विचारेलच, तिथे माझ्याबद्दल काय बोलतेस. मी माझ्याबद्दल बोलते, बाकी तिथलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, एवढंच उत्तर दे. फोन लॉक ठेव, ग्रुपचे मेसेज स्क्रीनवर दिसणार नाहीत असं सेटिंग कर, आणि पहिल्या वेळी जमलं तर एकटीच जा, बहिणीला बाहेर बसव हवं तर.