वाचक विचारतात : अनेक खून करणारा माणूस वेडाच असतो का?

प्रश्न : आमच्या वस्तीतला एक पंचविशीचा मुलगा छिन्नमनस्कतेसाठी (स्किझोफ्रेनियासाठी) प्रादेशिक मनोरुग्णालयातून नियमित औषधे घेतो. गेल्या महिन्यात शेजारच्या मुलांनी मुंबईत अनेक खून करणाऱ्या रमण राघवविषयी काहीतरी पाहिले आणि तेव्हापासून दोन घरांनी त्याच्याशी बोलणेच टाकले. “असे खून करणारे मनोरुग्णच असतात ना, बाई?” असे मला तोंडावर विचारले गेले आणि मला नीट उत्तर देता आले नाही. अशा गुन्हेगारांचे काही शास्त्रीय वर्गीकरण आहे काय?
— निवृत्त शिक्षिका, मानकापूर, नागपूर

उत्तर : वर्गीकरण आहे, एक नव्हे तर अनेक आहेत, पण त्यांतील बहुतेक वर्गीकरणे माणसाची नसून गुन्ह्याची आहेत, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. पोलिसांना तपासाची दिशा ठरवण्यासाठी जी विभागणी लागते, ती मानसोपचारतज्ज्ञाचे निदान नसते, आणि आपल्याकडे नेमकी याचीच गल्लत होते.

सर्वांत ढोबळ विभागणी काळ आणि स्थळ यांवर आधारलेली आहे. एकाच ठिकाणी, एकाच वेळी अनेकांचा बळी घेतला गेला तर ते सामूहिक हत्याकांड. आणि दोन खुनांच्या मध्ये खंड पडत गेला, त्या काळात खुनी आपल्या नेहमीच्या आयुष्यात परतत राहिला, तर ते मालिका खून. किती खून झाले म्हणजे ‘मालिका’ म्हणायचे, यावर बराच काळ एकमत नव्हते. १९९८च्या एका अमेरिकी कायद्यात ही संख्या तीन होती. २००५ साली तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने सॅन अँटोनिओ येथे भरवलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी ती दोनवर आणली आणि हेतूची अट व्याख्येत ठेवलीच नाही. हेतू वगळण्याचा हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, कारण हेतू सर्वांत शेवटी कळतो आणि कित्येकदा आरोपीच्या तोंडूनच कळतो.

हेतूनुसार केलेली विभागणी रोनाल्ड होम्स आणि जेम्स डी बर्गर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात मांडली. भास आणि भ्रमांच्या आज्ञेने मारणारे, अमुक एक वर्ग समाजातून नाहीसा करायचा या ध्येयाने पछाडलेले, सुखासाठी किंवा लाभासाठी मारणारे आणि दुसऱ्यावर संपूर्ण सत्ता गाजवण्यासाठी मारणारे, असे ते चार गट होत. त्याच सुमारास त्याच तपास यंत्रणेतील रॉबर्ट रेसलर व जॉन डग्लस आणि संशोधक अॅन बर्जेस यांनी ३६ कैद्यांच्या मुलाखतींवरून ‘नियोजनबद्ध’ आणि ‘अनियोजित’ अशी जोडी लोकप्रिय केली. ही जोडी आजही प्रत्येक वेब मालिकेत भेटते. मात्र २००४ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शंभर मालिका खुन्यांचे गुन्हे तपासले, तेव्हा असे दोन स्वच्छ गट आढळले नाहीत. नियोजनाच्या खुणा कमीअधिक प्रमाणात जवळपास सर्वत्र होत्या.

आता महाराष्ट्रातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. रमण राघव १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांच्या डोक्यात जड वस्तू घालून त्यांना मारत असे. मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला दीर्घकालीन छिन्नमनस्कता असल्याचे सांगितले, आणि त्याच्या बोलण्यातील भ्रमांना कोणताही व्यवहारी तर्क नव्हता. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांड याच्या अगदी उलट आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात कलामहाविद्यालयातील तरुणांच्या टोळक्याने दहा माणसे मारली. त्यांना कसलेही भास होत नव्हते. त्यांना ऐवज हवा होता आणि ओळखणारा साक्षीदार नको होता. त्यांतील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. एकाच रात्री एकाच घरात तीन बळी, पुढे दुसऱ्या घरात पाच, आणि मधले सर्व दिवस कॉलेजात हजेरी. म्हणजे या दोन घटना सामूहिक हत्येच्या आणि सर्व खून मिळून मालिका. वर्गीकरणाच्या चौकटीत हे प्रकरण नीट बसत नाही. मुले पळवून चोरीत ढाल म्हणून वापरणाऱ्या आणि नकोशी झाली की मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित मायलेकींचे प्रकरणही लाभाच्याच जवळ जाते.

अशा गुन्हेगारांत अधिक वेळा आढळते ती सायकोपॅथी, म्हणजे पश्चात्तापाचा आणि सहवेदनेचा अभाव, वरवरचे गोड बोलणे आणि दुसऱ्याचा वापर करण्याची वृत्ती. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या वीस मुद्द्यांच्या तपासणीत ती ४० पैकी गुणांनी मोजतात. छिन्नमनस्कता हा वेगळा आजार आहे. तो झालेल्या माणसाचे वास्तवाशी नाते तुटते. सायकोपॅथ मात्र वास्तव चांगलेच ओळखून असतो. अमेरिकेतील डेनिस रेडरने १९७४ ते १९९१ या काळात दहा खून केले, आणि २००५ साली अटक झाली तेव्हा तो चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष होता. शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे कधीच टाकले नव्हते.

तुमच्या वस्तीतल्या मुलाविषयी स्पष्टच सांगतो. छिन्नमनस्कतेचे बहुसंख्य रुग्ण कोणावरही हात उगारत नाहीत. ते स्वतःच इतरांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. धोका वाढतो तो प्रामुख्याने उपचार तुटले आणि त्यात दारू किंवा अमली पदार्थांची भर पडली तर. तो नियमित औषधे घेतो आहे, ही शेजाऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट आहे. ज्या शहरात चौकालाच ‘पागलखाना’ हे नाव चिकटले, तेथे हे पटवणे सोपे नाही, याची मला कल्पना आहे.

प्रश्न : रमण राघव मनोरुग्ण होता, तर न्यायालयाने त्याला निर्दोष का सोडले नाही?
— विधी शाखेचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : वैद्यकीय आजार आणि कायद्यातील मनोविकलता या दोन भिन्न गोष्टी आहेत म्हणून. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ आणि आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ इतकेच विचारतात की, कृत्याच्या क्षणी आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे समजण्यास आरोपी मनोविकलतेमुळे असमर्थ होता काय. ही कसोटी १८४३च्या इंग्लंडमधील मॅकनॉटन प्रकरणातून आलेली आहे. राघव दोषीच ठरला. त्याला आधी फाशीच सुनावली गेली, पण पुढे उच्च न्यायालयात आजाराचा विचार होऊन ती जन्मठेपेत बदलली. तो १९९५ साली पुण्यात मरण पावला.

प्रश्न : आठ वर्षांचा नातू कुत्र्याच्या पिल्लांना दगड मारतो आणि अजून अंथरूण ओले करतो. ही पुढच्या खुन्याची लक्षणे आहेत, असे वाचून झोप उडाली आहे.
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : अंथरूण ओले करणे, आगी लावणे आणि प्राण्यांचा छळ हे त्रिकूट जॉन मॅक्डॉनल्ड या मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली मांडले, तेही खुनाची धमकी देणाऱ्या रुग्णांवरून. नंतरच्या संशोधनात त्याला भविष्यवाणी म्हणून फारसा आधार मिळाला नाही. अंथरूण ओले करणे तर यादीतून पुसूनच टाका. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि मुलाला सर्वांसमक्ष लाजवू नका. प्राण्यांना वारंवार, मजा म्हणून इजा करणे मात्र गंभीरपणे घ्यावे, कारण अशा मुलाला घरात, शाळेत किंवा गल्लीत कोणीतरी मारत असण्याची शक्यता बरीच असते. ते कोण, हे शांतपणे, शिक्षेची भीती न घालता विचारा, आणि पुढच्या आठवड्यातच मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. जाताना त्याच्या आईवडिलांनाही सोबत न्या.