ठिय्यावर आधी, आकडे मग

बेरोजगारीचा अभ्यास करायचाय ना? मग आधी सकाळी सकाळी नागपुरातल्या एखाद्या ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर काम शोधत थांबतात त्या नाक्यावर, जाऊन उभा राहा. बालाघाट, छत्तीसगडकडचे मिस्त्री आणि रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया) भेटतील. ‘काम आहे का?’ असं मोघम विचारू नकोस; मागचे सात दिवस एकेक करून विचार. पीएलएफएस, म्हणजे सरकारच्या रोजगार-बेरोजगारी पाहणीच्या साप्ताहिक व्याख्येत आठवड्यात एक तास काम मिळालेलाही रोजगारातच धरतात. खरी गोम तिथेच आहे.

बेरोजगारी भत्त्याचं म्हणशील, तर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघ. २०२० पासून सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस. तीही विमा उतरवलेल्यालाच. बुटीबोरीच्या कारखान्यातल्याला लागू होईल, ठिय्यावरच्याला नाही. दोघांना एकाच तक्त्यात कोंबू नकोस. आणि ठेकेदारासमोर मजुरी तर विचारूच नकोस, बाप्पा!