'डिमांड ऑफ' की 'डिमांड फॉर'? इंग्रजी नामापुढचं प्रीपोझिशन कसं ठरवायचं?

'डिमांड'पुढे 'ऑफ' लावायचं की 'फॉर', आणि अशा नामांना काही नियम आहे का, असा तुमचा प्रश्न आहे. 'डिमांड'पुढे दोन्ही येतात, पण अर्थ बदलतो.

'कामगारांची मागणी वाढली' हे मराठी वाक्य घ्या. कामगार जास्त पगार मागू लागले, की कारखान्यांना जास्त कामगार हवेत? मराठीत ते मागच्या-पुढच्या वाक्यांवरून कळतं. इंग्रजीत प्रीपोझिशनच ते सांगतं. कामगार मागत असतील तर 'द डिमांड्स ऑफ द वर्कर्स', कामगार हवे असतील तर 'द डिमांड फॉर वर्कर्स'.

आपला घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. मराठीतला चा-ची-चे दिसला की हात आपोआप 'ऑफ'कडे जातो. पण प्रश्नाचं उत्तर म्हणजे 'आन्सर टू द क्वेश्चन', पिकांचं नुकसान म्हणजे 'डॅमेज टू क्रॉप्स', रजेचा अर्ज म्हणजे 'ॲप्लिकेशन फॉर लीव्ह'. उशिराचं कारण सांगताना 'रीझन फॉर द डिले', आगीचं कारण शोधताना मात्र 'कॉज ऑफ द फायर'. म्हणून मनात चा-ची-चे आला की तिथे थांबा आणि तपासा. सगळ्यात जास्त फायदा याच सवयीने होतो, असं माझं मत आहे.

'त' आणि 'वर' त्या मानाने सरळ आहेत. संगीतात रस, 'इंटरेस्ट इन म्यूझिक'. शहरावर हल्ला, 'अटॅक ऑन द सिटी'. अपवाद आहेतच: आईवरचं प्रेम 'फॉर' घेतं, देवावरची श्रद्धा 'इन'.

'राइज' हे नाम तर मुद्दाम अभ्यासावं असं आहे. वाढ कशात झाली ते 'इन' सांगतं, 'अ राइज इन प्राइसेस'. किती झाली ते 'ऑफ' सांगतं, 'अ राइज ऑफ टेन पर्सेंट'. आणि 'द राइज ऑफ द मराठाज' म्हटलं की तो मराठ्यांचा उदय, तिथे आकड्यांचा संबंधच नाही.

सगळ्या नामांना लागू पडेल असा एकच नियम नाही. तपासायला इंग्रजी-मराठी कोश सहसा पुरत नाही. लर्नर्स डिक्शनरी घ्या. परकीय विद्यार्थ्याला नेमकं काय अडतं हे ओळखूनच ती बनवलेली असते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा असा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो छापला. अशा कोशात नामाजवळच त्याचं प्रीपोझिशन आणि एखादं उदाहरणवाक्य असतं. वहीत 'डॅमेज' असं एकटं न लिहिता 'डॅमेज टू' असंच लिहा.

नामाचं प्रीपोझिशन क्रियापदाला मात्र चिकटवू नका. 'अ डिस्कशन अबाउट द बजेट' बरोबर, पण 'वी डिस्कस्ड द बजेट', मध्ये 'अबाउट' नाही. तसंच 'अ रिक्वेस्ट फॉर हेल्प', पण 'वी रिक्वेस्टेड हेल्प'.