'गॅप' म्हणजे दर वेळी दरी नव्हे

प्रश्न असा आहे: एका अहवालाच्या भाषांतरात 'मागणी आणि पुरवठा यांच्यातील दरी भरून काढणे गरजेचे आहे' असं वाक्य आलं. मूळ इंग्रजीत 'गॅप' हे नाम होतं आणि 'ब्रिज' हे क्रियापद. वाक्य कानाला खटकतं, पण नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. 'गॅप'ला दरीखेरीज दुसरा शब्द नाही का?

खटकलं ते योग्यच. त्या वाक्यात दोन वेगळ्या वाक्प्रचारांची गाठ मारली गेली आहे. दरी रुंदावते, तिच्यावर पूल बांधतात, फार तर ती बुजवतात. 'भरून काढणं' मात्र तुटीचं, नुकसानीचं, अनुशेषाचं, बुडालेल्या दिवसांचं असतं. जे असायला हवं होतं ते कमी पडलं, हे 'भरून काढण्या'त गृहीत आहे. दरीत मुळात काही असायला हवं होतं असं कोणी म्हणत नाही.

शब्द एक नाही, वीसेक आहेत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. इंग्रजी 'गॅप' एकच राहतो आणि अर्थाचा भार शेजारचं क्रियापद वाहतं: गॅप 'फिल' करतात, 'ब्रिज' करतात, 'नॅरो' करतात, कोणी गेलं की मागे 'लीव्ह' होतो. मराठीत निवड नामापाशीच करावी लागते आणि प्रत्येक नाम आपलं क्रियापद बरोबर घेऊन येतं. फट बुजवतात, खंड पडतो, तूट येते, उणीव भासते, तफावत आढळते, पोकळी निर्माण होते. म्हणून भाषांतर करताना मी 'गॅप'कडे आधी बघतच नाही. त्याच्यासोबतचं क्रियापद बघतो, आणि पुढे 'बिट्वीन' आहे की 'इन' ते बघतो. 'बिट्वीन' असेल तर दोन गोष्टी आहेत, तेव्हा अंतर, तफावत, फरक, दरी यांतलं काहीतरी. 'इन' असेल तर गोष्ट एकच आहे आणि तिच्यात काहीतरी नाही, तेव्हा खंड, पोकळी, उणीव, फट. ही कसोटी मला क्वचितच दगा देते.

मुळात हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या एका जुन्या भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ प्रचंड विवर. तोंड वासणं या अर्थाचं इंग्रजी 'गेप' त्याच कुळातलं. नॉर्स पुराणकथांत सृष्टीपूर्वीच्या महापोकळीला 'गिन्नुंगागाप' म्हणतात. आपण 'आ वासून उभं असणं' म्हणतो तेव्हा तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्या अर्थाने दरी हा शब्द मुळाच्या जवळचा आहे, म्हणूनच तो भाषांतरकाराच्या हाताला पहिल्यांदा लागतो.

आता एखादं दार लावून बघा. दार आणि चौकट यांत उजेडाची रेघ दिसली तर ती फट. फळीच उकलली असेल तर ती चीर. समोरासमोरच्या दोन दारांत असतं ते अंतर. भिंतीतून माणूस आत शिरेल एवढं पडलं तर ते भगदाड, आणि तटबंदीला पडलं तर खिंडार. तेच पुढे पक्षालाही पडतं, माणसं फुटून गेली की. डोंगररांगेत वाट काढून देणारी ती खिंड. अमेरिकेतला कंबरलँड गॅप ही अशीच खिंड, 1775 साली डॅनियल बून या वाटाड्याने तिच्यातून पश्चिमेकडे जायची वाट मोकळी केली. इंग्रजीत या बहुतेक जागी 'गॅप' चालून जातो. आपल्याकडे डोळ्यांना काय दिसतं ते शब्दाला सांगावंच लागतं.

लंडनच्या भुयारी रेल्वेत 1968 पासून प्रवाशांना 'माइंड द गॅप' अशी सूचना दिली जाते. तिथे मी 'अंतर' लिहिणार नाही. अंतर मोजायचं असतं, किंवा राखायचं. पाय अडकतो तो फटीत.

दोन गोष्टींमधल्या फरकाबद्दल जरा सावकाश बोलायला हवं, कारण दरीचा खरा अतिवापर इथे होतो. माझा नियम साधा आहे: आकडा देता येत असेल तर तफावत. पुरुषांना शंभर रुपये मिळतात आणि स्त्रियांना त्याच कामाचे ऐंशी, तर वेतनातली तफावत वीस टक्के. 'वीस टक्के दरी' म्हणून बघा, जीभच अडते. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाणंच अवघड झालं आहे असं म्हणायचं असेल तेव्हा दरी. श्रीमंत-गरिबांतली दरी हा प्रयोग म्हणूनच चांगला आहे, तो फक्त उत्पन्नाबद्दल बोलत नाही. 'जनरेशन गॅप'लाही हेच लावा. वडील आणि मुलगी यांच्या आवडीनिवडी वेगळ्या आहेत, पण बोलणं चालू आहे, तर ते पिढ्यांमधलं अंतर. बोलणं थांबलं की दरी. एकाच लेखात दोन्ही शब्द आले तरी चालतील, मात्र ते एकमेकांच्या जागी येऊ नयेत. बोलणं एक आणि वागणं दुसरं, अशा ठिकाणी तर 'फारकत' हा नेमका शब्द आहे. तो हल्ली मागे पडत चालला आहे याचं मला वाईट वाटतं.

'गॅप' आणखी एक गोष्ट झाकून ठेवतो: मागे कोण आहे ते. 1960 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत केनेडींनी 'मिसाइल गॅप'चा मुद्दा लावून धरला. अमेरिका सोव्हिएत संघाच्या मागे पडली आहे, असा त्याचा रोख होता. प्रत्यक्षात फरक होता, पण उलटा. पुढे अमेरिका होती. इंग्रजी शब्द दोन्ही परिस्थितींत तोच राहतो. मराठीत मात्र पहिल्या अर्थी 'क्षेपणास्त्रांतली पिछाडी' म्हणावं लागेल, आणि सत्य कळल्यावर तीच 'आघाडी' होईल.

कमी पडण्याबद्दलचे शब्द थोडक्यात सांगतो. हिशेबातली ती तूट, म्हणून 'ट्रेड गॅप' ही व्यापारी तूट. वस्तूंचा तुटवडा, पाण्याची टंचाई, हातातल्या पैशांची चणचण, चांगल्या जाणकारांची वानवा. उणीव ही भासते, मोजली जात नाही. 'स्किल्स गॅप' दिसला की आधी वाक्य नीट वाचा: कुशल माणसंच मिळत नसतील तर तुटवडा, माणसं आहेत पण शिकलेलं एक आणि लागणारं दुसरं असेल तर तफावत.

'खंड' हा शब्द मला फार आवडतो. त्याचा अर्थ तुकडाही आहे आणि दोन तुकड्यांमधली जागाही. शिक्षणात खंड पडला, पत्रव्यवहारात खंड पडला. 'गॅप इयर'ला 'वर्षभराचा खंड' म्हटलं की पुढे काम पुन्हा सुरू होणार हे आपोआप कळतं. पोकळीत तो दिलासा नाही.

काही ठिकाणी मात्र नामाचा हट्टच सोडावा. 'गॅप इन द मार्केट'ला 'बाजारातील पोकळी' म्हणण्यापेक्षा 'हे अजून कोणीच पुरवत नाही' म्हणावं. 'स्टॉपगॅप'ला 'तात्पुरती सोय' किंवा नुसतं 'वेळ निभावून नेणं'. आठवणीतल्या 'गॅप'ला 'मधलं काही आठवत नाही'.

तुमच्या वाक्यात आकडे पुढे येणार असतील तर 'मागणी आणि पुरवठा यांतली तफावत कमी झाली पाहिजे' असं लिहा. आकडे नसतील तर मी एवढंच लिहीन: 'मागणीला पुरवठा पुरा पडला पाहिजे.'