पाहुणे गेले, पाहुणे आले: मधल्या तीन तासांचं काय करायचं?

प्रश्न: ताई, यवतेश्वरच्या पुढं कासच्या रोडला आमचं तीन खोल्यांचं होमस्टे आहे, मी अन् सासूबाई मिळून बघतो, हाताखाली एक मावशी आहेत. सप्टेंबरात शनिवार-रविवारी एक पार्टी अकराला निघते अन् दुसरी दोनला दारात उभी असते. आम्ही झाडतो, पुसतो, फिनेल मारतो, वर रूम फ्रेशनर पण मारतो, तरी मागच्या सीझनला तिघांनी रिव्ह्यूत लिहिलं की खोलीत कुबट वास येतो आणि चादर ओलसर लागली. चादर धुतलेली होती हो! आता अजून किती धुवायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: धुणं बास झालं ताई, तुमचं घोडं वाळवण्यात अडलंय. आणि तो रूम फ्रेशनर आधी कपाटात ठेवून द्या. कुबट वासावर मोगऱ्याचा वास मारला की तिसराच एक वास तयार होतो आणि पाहुण्याला लगेच कळतं की हे काहीतरी झाकतायत.

कासच्या फुलांच्या पठाराला 2012 साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, तेव्हापासून आपल्या रस्त्याला गर्दी वाढतच गेली, पण फुलं जी हवा मागतात तीच हवा आपल्या गाद्यांची वाट लावते. धुकं दारातनं आत येतं, मीठ सादळतं, काडेपेटी पेटत नाही, मग कापूस काय कोरडा राहणारय? सुती चादर हवेतली ओल पिते. तुम्ही शुक्रवारी खणखणीत वाळवून घडी करून ठेवलेली चादर रविवारी कपाटातनं काढली की ती गार आणि दमट लागते, त्यात धुणारीची काही चूक नसते.

मी स्वतः यात फसलेय. पाहुणे घ्यायला लागले त्या पहिल्याच पावसाळ्यात ब्लँकेटं वरून हात लावून बघितली, कोरडी वाटली, घड्या केल्या, लाकडी पेटीत भरली. दहा दिवसांनी पाहुणे आले, त्यातल्या एक आजी आल्या आल्या पलंगावर बसल्या, ब्लँकेटची घडी उघडून सरळ नाकाला लावली, काही बोलल्या नाहीत, फक्त ती घडी परत होती तशी घालून पायथ्याला सरकवून ठेवली आणि बॅगेतनं स्वतःची शाल काढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घडीच्या मधल्या पदरात ओल राहिली होती. तेव्हापासून माझी सवय अशी की चादर असो, ब्लँकेट असो, वाळलंय का ते शिवणीला आणि काठाला हात लावून बघायचं, मधे नाही, कारण काठ सगळ्यात शेवटी वाळतो.

आता उपाय. एक म्हणजे चादरींचे जोड वाढवा. एरवी एका पलंगाला तीन जोड पुरतात, एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात ते गणित मोडतं कारण दोरीवरचं दोन-दोन दिवस वाळत नाही, तेव्हा पाच जोड लागतात. म्हणजे तुमच्या तीन डबल बेडला 15 चादरी आणि 30 अभ्रे. आकडा ऐकून पोटात गोळा येतो खरा पण एकदाच घ्यायच्यात, आणि सगळ्या पांढऱ्या, एका मापाच्या, एका कापडाच्या घ्या म्हणजे कुठल्या खोलीची कुठली हा घोळ संपतो. शक्य असेल तर सीझनचं धुणं खाली साताऱ्यात ड्रायर असलेल्या लाँड्रीत पाठवा. ते नसेल तर मशीनचं स्पिन दोनदा फिरवा आणि आतल्या एका खोलीत दोऱ्या बांधून पंखा लावून वाळवा. पडवीत धुक्यात वाळत घालून काही उपयोग नाही, तिथं कपडा वाळत नाही, नुसता लोंबतो.

दुसरी युक्ती एकदम साधी. पलंग घातल्यावर, पाहुणे यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, पलंगावरच चादरीवरनं आणि उश्यांवरनं गरम इस्त्री फिरवा. कोरडी इस्त्री, वाफेची नको. चादरीनं प्यालेली ओल उडून जाते, सुरकुत्या जातात, आणि हात लावला की ऊब लागते. पाहुणा पहिल्यांदा हात कुठं लावतो? उशीलाच.

तिसरं, खिडक्या. सगळे सांगतात खिडक्या उघडा, हवा खेळू द्या. साताऱ्यात गावात ठीक आहे, पण वर कासला धुकं असताना दिवसभर खिडकी उघडी म्हणजे ओलीला आवतण. पार्टी गेली की पंधरा मिनिटं सगळं सताड उघडा, वास जाऊ द्या, मग बंद करा आणि अर्धा तास रूम हीटर लावून बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवा. हवा गरम झाली की ती जास्त ओल धरते आणि एक्झॉस्ट ती बाहेर फेकतो. हीटरजवळ कपडे वाळत घालायचे नाहीत आणि तो चालू असताना खोली सोडून जायचं नाही हे मावशींना दोनदा सांगा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. मागच्या भिंतीला काळे ठिपके दिसतायत का बघा, दिसले तर ती बुरशी आहे, त्यावर नुसता रंग मारू नका, दोन महिन्यांत पोपडे धरून परत वर येते. आधी ओल कुठनं येते ते शोधा, बहुतेक वेळा गच्चीचं पाणी असतं नाहीतर बाथरूमचा पाइप.

आणि तीन तासांचं म्हणाल तर क्रम चुकला की वेळ पुरत नाही. पार्टीनं किल्ली दिली की आधी चादरी-टॉवेल ओढून मशीन लावायचं, मग संडास-बाथरूमला औषध टाकून ठेवायचं, त्याला मुरायला दहा मिनिटं लागतात, लगेच पाणी ओतलं तर नुसता वास राहतो, जंतू मरत नाहीत. तेवढ्यात कचरा, फ्रिज, पलंगाखालच्या बाटल्या. मग वरून खाली, पंखा, ट्यूब, चौकट, खिडकी, शेवटी फरशी, तीही आतनं दाराकडं पुसत यायचं. घाईत आधी फरशी पुसतात, मग पंख्याची धूळ तिच्यावर पडते आणि परत पुसा. रिमोट, स्विच, दाराची कडी, गीझरचं बटण हे कोण पुसत नाही, एका फडक्यात होतं.

बाथरूम मात्र कोरडं करून द्या, नुसतं स्वच्छ नको. वायपर मारून वर कोरडं फडकं. पाय ओला झाला की माणसाला वाटतं आत्ताच कोणीतरी अंघोळ करून गेलंय, मग तुम्ही कितीही घासलेलं असू द्या. मोरीच्या जाळीतले केस हातानं काढा, हो हातानंच, हातमोजे घालून.

सगळं झालं की चप्पल काढून दोन मिनिटं पलंगावर आडवं पडा आणि छताकडं बघा. पंख्याच्या कपाला जाळी लागलेली असते, आपण उभ्यानं काम करतो म्हणून ती आपल्याला कधी दिसत नाही. तसंच कमोडवर बसून दाराच्या मागं बघा. सासूबाई हसतील, हसू द्या.

प्रश्न: सांगलीत आमचा फ्लॅट दिवसावर देतो. लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं, चार टॉवेल आणि दोन चादरी हळदीनं पिवळ्या करून गेले. साबण लावला तर डाग लाल झाले! खराब झाल्या का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: सांगलीकरानं हळदीचं विचारावं! जिच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्या गावात हळदीचा डाग तर पडणारच की. दादा, घाबरू नका, खराब काही झालं नाही. साबण आणि धुण्याचा सोडा अल्कली असतात, हळद अल्कलीत लाल होते. आपल्या आज्या हळदीला चुना लावून कुंकू करायच्या, तेच तुमच्या टॉवेलवर झालंय. धुवून खळखळून काढलं की लाली उतरते, पिवळा राहतो. तो पिवळा ओल्या कपड्यासकट कडक उन्हात टाका, डागाची बाजू वर करून. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एका दिवसात फिका पडतो, राहिलाच तर परत भिजवून परत ऊन. सांगलीच्या उन्हाला एवढं काम जमतंय. कासवाल्या ताईंना जमणार नाही, त्यांनी हळदीचं वऱ्हाड घेऊ नये.

रक्ताचा डाग असेल तर मात्र गार पाणी, गरम अजिबात नको, गरम पाण्यानं रक्त धाग्यात शिजतं आणि पक्कं बसतं. तेलाच्या डागाला भांडी घासायचं लिक्विड कोरड्यावरच चोळा, पाणी नंतर. लाल मातीचा चिखल ओला असताना कधी चोळू नका, वाळू द्या, झटका, मग धुवा.

प्रश्न: वाईला आमच्या जुन्या घरात दोन खोल्या पाहुण्यांना देतो. एका पाहुण्यानं सांगितलं की ढेकूण चावले. आम्ही खोली आठ दिवस बंद ठेवली, गादी उन्हात टाकली. आता पुढची बुकिंग घ्यावी का?
– एक वाचक, वाई

उत्तर: नको. आठ दिवसांत ढेकूण उपाशी मरत नाही भाऊ, न खाता तो महिनोन्‌महिने काढतो. ऊन लागलं तर तो गादीच्या आत सावलीत सरकतो. पाहुण्याच्या बॅगेतनं आलेला असणार, त्यात तुमची अब्रू जायचं कारण नाही, मोठमोठ्या हॉटेलांत निघतात. गादीची शिवण उलटून बघा, पलंगाचे सांधे, भिंतीवरच्या फ्रेमच्या मागं. पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर तिथंच आहेत. कपडे सगळे 60 अंशाच्या वर गरम पाण्यात धुवा, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा आणि त्याला दोन आठवड्यांनी परत यायला सांगा, कारण अंड्यांतनं पुढची पिल्लं बाहेर आलेली असतात. तोपर्यंत ती खोली बंद. आणि तुमचं जुनं घर म्हणजे लाकडी पलंग असणार, त्याच्या फटी बुजवून घ्या. पुढं प्रत्येक चेकआउटला चादर ओढली की गादीच्या चार कोपऱ्यांवर एक नजर टाकायची, अर्धं मिनिट लागतं.

प्रश्न: बोअरच्या पाण्यानं नळ-शॉवर पांढरे पडलेत. बाजारात ॲसिड मिळतं ते वापरलं तर चालेल का? ओट्यावर पण डाग आहेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर: ओट्यावर नको नको नको. आपला ओटा कडाप्प्याचा, बाहेर शहाबादी फरशी, हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की फेस येतो आणि दगडच विरघळतो, मग तिथं जो खरखरीत पांढरट पट्टा उठतो तो परत जात नाही. लिंबू पण नको. ओट्याला भांड्याचं लिक्विड आणि कोमट पाणी, बास. शॉवरला किराण्यात मिळणारं लिंबूसत्त्व घ्या, मोठा चमचाभर अर्ध्या लिटर कोमट पाण्यात, पिशवीत भरून शॉवरच्या तोंडाला रबरबँडनं बांधून तासभर ठेवा, मग टूथब्रश.

आणि एक गोष्ट सांगतेच, विचारली नाही तरी. संडासचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधी टाकू नका. माझ्याकडं एकदा झालंय, चूक माझीच, मी घाईत म्हणाले दोन्ही टाका म्हणजे चकाचक होईल. त्यातनं क्लोरीन वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत बसतो, आणि आपल्या मावशी उकिडव्या बसून घासत होत्या, म्हणजे बरोबर त्यांच्या नाकाशी. खोकत खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतनं पाणी, तासभर अंगणात बसवून ठेवलं, नंतर डॉक्टरकडं नेलं. आता माझ्याकडं बाटल्याच दोन वेगळ्या कपाटांत असतात, ॲसिड खालच्या मजल्यावर अन् ब्लीच वर.

प्रश्न: साफसफाईच्या मावशींना महिन्यावर ठेवावं का खोलीमागं पैसे द्यावेत?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही मिळून करा. महिन्याचे थोडे ठरलेले, कारण जूनमध्ये बुकिंग नसतं म्हणून त्यांच्या घरची चूल बंद नसते, आणि वर प्रत्येक खोलीमागं वेगळे. नुसतं खोलीमागं ठेवलं की त्या घाईघाईत चार खोल्या उरकतात आणि ती ओल राहते ती राहतेच. शनिवारी रात्री दहाला बुकिंग रद्द झालं तर रविवारचे पैसे तरीही द्यायचे, त्यांनी दुसरं काम सोडून तुमच्यासाठी दिवस राखलेला असतो. बाथरूम घासायचे हातमोजे आणि रबरी चप्पल तुम्ही घेऊन द्या, त्यांच्या मापाची, आणि पायाला सैल होतेय का ते घालून बघायला सांगा, ओल्या फरशीवर सैल चपलेनं घसरायला होतं.