चिंगी की लुना?

"मॅडम, हसू नका, पण आमच्याकडे कुत्र्याच्या नावावरून भांडण झालंय." ही सुरुवात मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता हसू येतच नाही. एका घरात पिल्लू येऊन महिना झाला तरी ते नुसतं 'पिल्लू'च होतं. एका नवऱ्याला गेलेल्या मोतीचंच नाव नव्याला द्यायचं होतं आणि बायकोला ते ऐकवत नव्हतं. एका सासूबाईंची तक्रार अशी, की सुनेनं कुत्र्याचं नाव बंटी ठेवलं, आणि बंटी हे धाकट्या दिराचं लाडाचं नाव. (दिराला काहीच वाटलं नव्हतं. सासूबाईंना वाटलं.)

शेवटी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: एवढ्याशा गोष्टीवरून एवढं का? उत्तर द्यायच्या ऐवजी डोंबिवलीच्या एका घराबद्दल सांगते.

फोन मुलानं केला होता, आणि तोही कुत्र्यासाठी केलेला नव्हता. "आईचं वय अठ्ठ्याहत्तर. विसरायला लागली आहे असं वाटतं." काय विसरतात, म्हटलं. तर म्हणे, कुत्रीचं नाव. प्राण्यांच्या निवाऱ्यातून तीन वर्षांची देशी कुत्री आणली होती. लसीकरणाच्या वहीवर तिचं नाव 'चिंगी'. नववीतल्या नातीला ते फारच गावठी वाटलं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान झालं आणि चार विरुद्ध शून्य मतांनी 'लुना' ठरलं. आजी मात्र चिंगीच म्हणत राहिल्या. दिवसातून वीसदा सांगूनही.

पहिल्या भेटीत मीही चुकले, हे कबूल करते. वार, महिना, सकाळी काय खाल्लं, भाजीवाल्याचे किती झाले, असं सगळं विचारत बसले. आजींनी धडाधड उत्तरं दिली, वर मलाच विचारलं, "झाली का परीक्षा?" मग म्हणाल्या, "लुना ह्यांच्याकडे होती. उतारावर पळायची, चढावर ढकलायची. कुत्रीला कोणी मोपेडचं नाव ठेवतं?" नातीला लुना म्हणजे चंद्र एवढंच ठाऊक होतं. तिनं फोनवर मोपेडचा फोटो शोधला आणि दोघी हसल्या. माझ्या लक्षात आलं, आजी विसरत नाहीत. त्या नकार देत आहेत.

मी घराकडे बघून काम करणारी समुपदेशक आहे. एका माणसाला खुर्चीत बसवून त्याच्यात काय बिघडलंय ते शोधण्यावर माझा फारसा विश्वास नाही. बिघाड बहुतेकदा दोन माणसांच्या मधल्या जागेत असतो. म्हणून तिसऱ्या भेटीला मी सगळ्यांना बोलावलं, कुत्रीसकट. माझ्या मदतनीस बाईंना ते अजिबात पसंत नव्हतं.

चिंगी खुर्चीखाली जाऊन पडली. नात म्हणाली, "लुना! लुना, कम!" शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. मुलानं हाक मारली, तेच. आजी पदरानं चष्मा पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चिंगे." आधी एक कान उभा राहिला. मग ती उठली, अंग झटकलं, आणि आजींच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली.

"बघा," मुलगा म्हणाला, "हीच सवय लावते तिला."

आजी म्हणाल्या, "तिला विचारलं होतं का कुणी?"

इथं बोलायचा मोह आवरावा लागतो. शिकाऊ मुलींना मी हेच सांगते, की खोलीत अशी शांतता पडली की आधी दहा आकडे मोजा. मी मोजले. मग विचारलं, "आजी, तुम्हाला विचारलं होतं?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. चिंगीच्या कानामागे खाजवत राहिल्या. मग बोलल्या, पण जणू तिच्याशीच. लग्न लागून सासरी आल्या, लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नाव लिहिलं. सगळ्या बायका वाकून वाचत होत्या, नवरीला मात्र डोक्यावरच्या पदरामुळे नीट दिसेना. नणंदेनं मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं, आजपासून आपण कोण ते. "दुसऱ्या दिवशी मीच स्वयंपाकाला लागले. तेच तांदूळ भाताला घेतले."

मुलगा थक्क झाला होता. आईचं माहेरचं नाव त्याला माहीतच नव्हतं. मामा तर अक्का म्हणतो! मग सून, जी तीन भेटींत जेमतेम चार वाक्यं बोलली होती, हळूच म्हणाली, "माझ्या लग्नात ताटात माझंच नाव लिहिलं होतं. आईंनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, बदलायचंय का गं तुला?"

"हो की," मुलगा म्हणाला. "मला वाटलं, आईला नवीन नाव सुचलं नाही."

इतक्या वर्षांच्या कामात माझ्या खोलीत पुष्कळ रडणं झालं आहे. त्या दिवशी मात्र सगळे हसले. आजी सगळ्यात उशिरा, पण सगळ्यात जास्त वेळ.

तेव्हा मला जे उमगलं ते मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. नाव ठेवणं हा घरातला एक अधिकार आहे. बारशाला तो आत्याचा, लग्नात नवऱ्याचा, आणि कुत्रं आलं की ज्याच्या हातात फोन त्याचा. वाद नावाचा दिसतो, पण बहुतेकदा कुणीतरी विचारायचं राहून गेलेलं असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी नावांची यादी बाजूला ठेवायला लावते आणि घरातल्या माणसांची यादी करायला सांगते. कुणाला विचारलं नाही? आजींकडे साधा फोन होता. घरच्या ग्रुपवर त्या नव्हत्याच.

गेलेल्या कुत्र्याचं नाव नव्याला द्यावं का, याला माझं उत्तर बहुधा 'थांबा' असं असतं. नवं पिल्लू जुन्यासारखं दाराशी धावत येत नाही, आणि मग उगाच त्याचा राग येतो. जुन्याचा फोटो भिंतीवर असू द्या, नाव त्याचं त्यालाच राहू द्या. कुत्र्याला माणसाचं नाव ठेवायला माझी ना नाही, फक्त ज्याचं आहे त्याला एकदा विचारा.

कुत्र्याच्या बाजूचं गणित सोपं आहे. नाव दोन अक्षरी, तोंडात बसणारं, 'बस', 'नको' असल्या रोजच्या हुकमांशी न जुळणारं. घरातल्या सगळ्यांनी एकच नाव वापरायचं. हाक मारा, त्यानं बघितलं की लगेच पोळीचा तुकडा द्या. असं दिवसातून थोडा थोडा वेळ केलं की शिकतं. आणि नाव घेऊन ओरडू नका. चप्पल फाडली म्हणून "मोतीऽऽ" करून खेकसलात, तर उद्या त्याच हाकेला तो पलंगाखाली जाईल. मोठं कुत्रं दत्तक घेतलं तर जुनं नाव बदलता येतं, त्यात पाप नाही. काही दिवस नवं आणि जुनं जोडून घ्या, मग जुनं हळूहळू सोडा. पूर्वीच्या घरात त्याला मारहाण झाली असेल तर उलट बदललेलंच बरं.

आणि नातीला खलनायिका करू नका, हे मी त्या घराला मुद्दाम सांगितलं. तिनं ठरवलेली गोष्ट घरात पहिल्यांदाच मान्य झाली होती. ती मोडायची तर तिनंच मोडायला हवी होती. दोन आठवड्यांनी तिनं मोडली. वहीवर 'चिंगी' राहिलं, ती 'चिंग्स' म्हणते, कुत्री दोन्हींना ओ देते.

या लेखाची परवानगी घ्यायला मी आजींना फोन केला. म्हटलं, लेखात आम्ही माणसांची नावं बदलतो, तुमचं काय घालू? त्या म्हणाल्या, "दोन झालीत की गं माझी. तिसरं नको."